जुने घड्याळ, नवी कुडी

जुन्या मनगटी घड्याळाची गोष्ट निघाली की जो तो त्याच्या मशीनचे गुण गातो. १७ ज्युएलचे आहे, दिवसात अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही, इतक्या वर्षांत एकदाच काय ते उघडले, वगैरे वगैरे. हे मशीन ज्या पेटीत बसलेले असते तिची आठवण मात्र कोणाला होत नाही. खरे पाहिले तर चांगले मशीन सहसा मरत नाही. ते सोडवून, धुऊन, चार ठिकाणी तेलाचा थेंब दिला की पुन्हा टिकटिकू लागते. झिजते, सडते आणि फुटते ती पेटी. संतांनी देहाला कुडी म्हटले आहे. घड्याळाच्या बाबतीतही आत्मा बराच चिवट असतो; कुडीच आधी टाकाऊ होते.

घड्याळजी या कुडीला ‘केस’ म्हणतात. तिचे अवयव मोजकेच. मधला मुख्य भाग, त्यालाच पट्टा अडकवायचे चार कान, वरची काच आणि ती धरून ठेवणारी कडा, म्हणजे बेझल, पाठीमागचे झाकण, बाजूला किल्ली द्यायची घुंडी, जिला दुकानात ‘चावी’ म्हणतात, ती चावी जिच्यातून आत जाते ती इवलीशी नळी, आणि पाणी अडवणाऱ्या रबराच्या कड्या. यांतला प्रत्येक अवयव आपापल्या वेगळ्या रोगाने जातो आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. हे ठाऊक नसल्यामुळे आपण घड्याळ दुकानात टाकतो, “जरा चकाचक करून द्या” एवढेच सांगतो आणि परत येते ते आपले घड्याळ असतेच असे नाही.

प्रथम हे रोग कसे होतात ते पाहू. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मनगटांवर जी घड्याळे दोन पिढ्या नांदली, त्यांतल्या पुष्कळशांच्या केसा पितळेच्या. पितळेवर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमचा मुलामा. झाकण तेवढे पोलादाचे, न गंजणारे. म्हणून तर झाकणावर तसे कोरलेले असते. क्रोमचा हा थर बहुधा एका मायक्रॉनच्याही आत असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. त्यावर रोज घाम बसतो. घामात मीठ असते. ते मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि ओरखड्यांतून खाली उतरते आणि पितळेला गाठते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के माहीत होते; घड्याळही तसेच कळकते. आधी कानांच्या आतल्या बाजूला हिरवट कीट दिसते, मग मुलाम्याला फोड येतात आणि शेवटी धातूला खड्डे पडतात. पट्ट्याखाली घाम साचून राहतो, म्हणून नेमके कानच प्रथम कमकुवत होतात.

काचेचा रोग निराळा. जुन्या घड्याळांची ‘काच’ ही बहुतेक वेळा काच नसतेच. ते अ‍ॅक्रिलिक नावाचे प्लास्टिक असते. १९३०नंतरच्या दशकात हे प्लास्टिक बाजारात आले. त्याआधी खरी काच असे किंवा सेल्युलॉइड असे. सेल्युलॉइड कालांतराने पिवळे पडते आणि त्यातून निघणाऱ्या आम्ल वायूने आतले पोलादी काटे गंजतात. म्हणून फार जुन्या घड्याळाची पिवळट काच ‘मूळची आहे’ या कौतुकाने तशीच ठेवणे शहाणपणाचे नाही. अ‍ॅक्रिलिकला ओरखडे लवकर पडतात. पण ते मऊ असल्यामुळे पॉलिशच्या मलमाने आणि मऊ कापडाने घासून घालवताही येतात. चीर गेली असेल तर मात्र ती बदलावीच लागते, कारण चिरेतून आत जाणारी दमट हवा शेवटी मशीनच खाते. कोकणातल्या एका पावसाळ्यात हे काम पुरे होते.

काच बदलणे सोपे वाटते. पण त्यातही माप आहे. बेझलचे तोंड कॅलिपरने मिलीमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजावे लागते आणि काच त्याहून किंचित मोठी घ्यावी लागते. अनेक पायांच्या चिमट्याने ती काठावर दाबून लहान करतात, जागेवर बसवतात आणि सोडतात. मग ती फुगून स्वतःच कडेला घट्ट धरून राहते. काच हवी त्याहून बसकी घेतली तर सेकंदकाट्याचे टोक तिला आतून घासते आणि चांगले चालणारे घड्याळ मधेच थांबते. मग गिऱ्हाईक म्हणते, “मशीन गेले.” मशीन कुठेही गेलेले नसते.

चावीचेही तसेच. रोज किल्ली देऊन तिच्या कडेचे दाते झिजतात आणि बोट घसरू लागते. नवी चावी घेताना नुसती रंगाला रंग जुळून भागत नाही. आतल्या दांडीचे आटे जुळावे लागतात. पुष्कळ घड्याळांत ते ०.९० मिलीमीटरचे असतात. नळीवर ती बरोबर बसावी लागते आणि केसच्या कडेपासून फार पुढे वा फार आत असता कामा नये. दांडी थोडी थोडी कापून आणि पुनःपुन्हा लावून पाहावी लागते. ती आखूड झाली तर एक तर जोडनळी लावा, नाही तर नवी दांडी शोधा.

हे झाले किरकोळ दुखण्यांबद्दल. काच, चावी, रबराची कडी, पट्ट्याच्या पिना या वस्तू झिजण्यासाठीच असतात. घराची कौले दर उन्हाळ्यात चाळतात, फुटकी बदलतात; त्याने घर परके होत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो मुख्य केसच फुटल्यावर. तो आमच्या घरात उभा राहिला, म्हणून या विषयात मी शिरलो. एरवी मराठी शिकवणाऱ्या माणसाला आट्यांशी आणि मायक्रॉनशी काय कर्तव्य!

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. १९७४ साली लग्नात त्यांना सासरकडून एच. एम. टी.चे ‘जनता’ घड्याळ मिळाले. झाकणावर त्यांची आणि आईची आद्याक्षरे व साल कोरलेले आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांचे काम हाती घेतले, आणि पुढच्या काळात ‘जनता’ हे नाव अक्षरशः जनतेचे झाले. सेकंदाला पाच ठोके देणारे हे साधे, रोज किल्ली द्यायचे घड्याळ वडिलांनी पंचेचाळीस वर्षे डाव्या मनगटावर बांधले. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्याने खिळे उचलायचे. हात फ्रेमच्या काठावर टेके. त्या काठाला घासून केसची सहा आकड्याकडची बाजू पार गुळगुळीत झाली होती. वडील गेल्यावर घड्याळ कपाटात पडून राहिले. गेल्या वर्षी बाहेर काढले तेव्हा त्याच बाजूचा एक कान पिनेच्या भोकापाशी तुटलेला होता. यात कारखान्याचा काहीच दोष नाही. एवढ्या वर्षांच्या घामापुढे पितळ ते काय टिकणार?

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा नोकरीला लागायचा होता. दादा म्हणाला, “तू हे नीट करून आण. नवी केस, नवी डायल, सगळं झगझगीत. आजोबांचं घड्याळ म्हणून पोरगं घालील तरी.” आई तिथेच बसली होती. ती एवढेच म्हणाली, “झाकण बदलू नका रे. ते त्यांच्या हाताला लागून असायचं.”

म्हणजे एकाला घड्याळ वापरात हवे होते आणि एकीला ते वडिलांचे राहायला हवे होते. दोघांचेही बरोबर होते. नुसते जपून ठेवायचे तर दुरुस्तीची गरज नव्हती, कपाट होतेच. आणि घालायचे तर तुटक्या कानावर भरवसा ठेवता येत नव्हता. पेठेतल्या एका जुन्या घड्याळजींकडे मी ते घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, घड्याळ उलटसुलट केले आणि म्हणाले, “सर, मशीन उत्तम आहे. केसचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणजे मी सांगतो त्यातलं काय जमेल.”

मग त्यांनी एकेक मार्ग सांगितला. पहिला मार्ग साध्या डाखाचा. कथील आणि शिसे यांचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे काम सोपे. पण तो मऊ. पट्ट्याचा रोजचा ताण तो सोसत नाही आणि क्रोमवर तो धरतही नाही. दुसरा मार्ग चांदीच्या डाखाचा. तो मजबूत खरा. पण त्याला ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. तेवढ्यात सगळ्या मुलाम्याची वाट लागते आणि केस पुन्हा मुलाम्याला टाकावी लागते. तिसरा मार्ग लेसरचा. हल्ली सोनारांकडे लेसरने सांधणारी यंत्रे आली आहेत. पोलादी केसला हा उपाय फार छान. धातूचा बारीक तंतू वितळवून कान भरतात, भोक नव्याने पाडतात. पितळ मात्र येथे दगा देते. त्यातले तांबे लेसरचा प्रकाश परतवते, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होत असल्यामुळे सांधा सच्छिद्र राहतो. चौथा मार्ग, दोन्ही कानांत पक्की दांडी बसवून टाकायची. मग आयुष्यभर एकाच जातीचा, दांडीखालून ओवायचा पट्टा वापरा. आणि पाचवा मार्ग, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या मोडक्या घड्याळाची केस आणून तीत आपले मशीन बसवायचे.

“आणि ही जुनीच घासून, मुलामा देऊन?” मी विचारले.

ते हसले. म्हणाले, “खड्डे मुलाम्याने बुजत नाहीत, सर. उलट उठून दिसतात. खड्डे जाईपर्यंत घासायचं तर केसच्या कडा जातील. घड्याळाचा साबण होईल.”

‘साबण’ हा शब्द मला फार पटला. बफाच्या चाकावर धरलेल्या घड्याळाचे नेमके तेच होते. कारखान्यातून निघताना केसला धारदार कडा असतात, कुठे आरशासारखी चकाकी तर कुठे बारीक रेषांचा पोत असतो. चाकाला हा फरक कळत नाही; ते सगळेच गोल आणि गुळगुळीत करते. गेलेला धातू परत येत नाही. सोन्याचा मुलामा असलेल्या घड्याळांची तर आणखी पंचाईत. काहींच्या केसवर ‘२० मायक्रॉन’ असा छाप असतो, म्हणजे सारे सोने तेवढ्याच जाडीचे. दोन वेळा मनसोक्त पॉलिश केले की खालचे पितळ हसू लागते. शिवाय क्रोमच्या मुलाम्याच्या कुंडात जी क्रोमियमची संयुगे असतात ती घातक आहेत, त्यांनी कर्करोगही होऊ शकतो. घरच्या घरी करायचा तो उद्योगच नव्हे.

पाचवा मार्ग उरला. पण त्याचेही एक पथ्य आहे आणि तेच या सगळ्या विद्येचे मर्म आहे. जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत आपल्या शहराच्या नावाने एक शब्द रूढ आहे: ‘मुंबई स्पेशल’. हा गौरव नव्हे. एका घड्याळाचे मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे घ्यायचे, डायल भडक रंगात नव्याने रंगवायची, तीवर मूळ कंपनीने कधीच न छापलेली अक्षरे छापायची आणि ‘अस्सल जुने’ म्हणून विकायचे, अशा घड्याळांना हे नाव पडले आहे. मुंबई ही घड्याळांची जुनी पेठ. वेस्ट एंड वॉच कंपनीने १८८६ साली येथेच बस्तान बसवले. फाव्र-ल्यूबाची स्विस घड्याळे तर त्याआधीपासून येथे येत. हाताला कसब होते आणि जुन्या मालाचे ढीग होते. सुटे भाग मात्र मिळत नव्हते. तेव्हा जे मिळेल ते जोडून घड्याळ चालते करणे ही गरजच होती. त्या कारागिरांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी बंद पडलेली घड्याळे गरिबांच्या मनगटावर पुन्हा चालवली. खोट शिरते ती जोडकामात नव्हे, जोडकाम लपवण्यात.

आमच्या विषयात ही गोष्ट फार जुनी आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. तोवर नकला होता होता मूळ पाठात पुष्कळ भर पडली होती. जुने पडलेले सावरायचे, पण आपले त्यात मिसळायचे नाही, ही शिस्त त्या कामामागे होती. पुढच्या काळातले संपादकही जेथे पाठ बदलतात तेथे तळटीप देतात. तळटीप दिली की तोच बदल अभ्यासाचा होतो. न दिली तर तो प्रक्षेप. घड्याळाला तळटीप का देऊ नये?

मी घड्याळजींना तसे सांगितले. डायलला हात लावायचा नाही. ती पिवळसर झाली आहे, ती तशीच राहील. झाकण मूळचे. मशीन आणि काटे मूळचे. केस तेवढी बदलायची आणि ती ‘जनता’चीच हवी, त्याच नमुन्याची. त्यांनी एक पत्र्याचा डबा उपडा केला. त्यात केसा होत्या, पण वरवर सारख्या दिसणाऱ्या केसाही आतून सारख्या नसतात. दोन केसांत आमचे झाकण बसलेच नाही. तिसरीत बसले; पण दांडी नळीच्या मधोमध येईना, किंचित खाली राहिली. हा फरक केसाएवढा असला तरी चालत नाही. दांडी नळीला घासत राहते, किल्ली जड जाते आणि काही वर्षांत दांडी तरी तुटते किंवा मशीनची भोके तरी लांबट होतात. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. तेव्हा असे जुने भाग आता डब्यांतून आणि जुन्या बाजारांतूनच शोधायचे. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, “सर, मिळाली. झाकण चटकन बसलं.”

ही केसही वापरलेली होती, तिच्यावर कोणा अनोळखी माणसाचे ओरखडे होते. दादाला ते प्रथम आवडले नाही. “दुसऱ्याचं कशाला?” तो म्हणाला. मग त्याने घड्याळ कानाला लावले आणि पुढे काही बोलला नाही. आईने ते उलटे करून झाकणावरून अंगठा फिरवला आणि नातवाच्या हातात दिले. “रोज एकाच वेळी किल्ली देत जा,” तिने बजावले, “ते सकाळच्या चहाच्या आधी देत.”

जुनी केस मी फेकली नाही. सहा आकड्याकडची ती घासलेली बाजू, तो तुटका कान, सगळे एका कागदी पाकिटात घालून ठेवले आहे. सोबत एक चिठ्ठी आहे: कोणत्या वर्षी काय बदलले, का बदलले, काय मूळचे राहिले. पुढे कोणी कारागिराने बळकट आणि सुबक कान जोडून दिला तर घड्याळ आपल्या जुन्या कुडीत परत जाऊ शकेल. बदल असा असावा की तो मागे घेता यावा, हा एक साधा नियम मला या प्रकरणातून मिळाला.

दिवाळीची आवराआवर म्हणजे कपाटे उघडण्याचे दिवस. तुमच्याही घरात एखादे घड्याळ बाहेर आले असेल, तर चार गोष्टी सांगून ठेवतो. डायलवरचे आकडे आणि काटे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील आणि घड्याळ १९६०च्या आधीचे असेल, तर घरी उघडू नका. त्या रंगात बहुधा रेडियम असते. चमक कधीच विझलेली असते, कारण त्यातले जस्ताचे संयुग दमते. पण रेडियमचे अर्धे आयुष्य १६०० वर्षांचे आहे, ते अजून तितकेच जागे असते. खरवडलेला तो रंग श्वासातून पोटात जाता कामा नये. झाकण सुरीने उचकटू नका. आत खाच असते, तिच्यासाठी वेगळे हत्यार असते, आणि सुरी घसरली की आधी झाकण व मग बोट कापते. दुरुस्तीला टाकण्यापूर्वी घड्याळाची पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा. आणि दुकानात पाऊल टाकताच पहिले वाक्य हे बोला, “जे काढाल ते मला परत द्या.”

चांगला घड्याळजी या वाक्याने रागावत नाही. आमचे घड्याळजी तर म्हणाले, असे सांगणारे गिऱ्हाईक आले की ते काम ते जरा अधिक जपून करतात.